वाऱ्याच्या हाती घण

(विश्वकर्मा जयंतीनिमित्त लघुउद्योजक, कामगार क्षेत्रातील कार्यकर्ते आणि तंत्रविद्यालयांचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)



आज १७ सप्टेंबर. देशभरातल्या कारखान्यांत आज यंत्रे थांबलेली असतील. लेथवर, ड्रिलवर, वेल्डिंगच्या संचावर हळदी-कुंकू वाहिले गेले असेल. भारतीय मजदूर संघ हा दिवस राष्ट्रीय श्रम दिन म्हणून पाळतो. श्रमाला देवत्वाशी जोडणारा, अवजाराला पूज्य मानणारा हा आपला संस्कार आहे. परंतु पूजा झाली, प्रसाद वाटला, की एक प्रश्न स्वतःला विचारावयास हवा. ज्या अवजाराला आपण आज नमस्कार केला, ते चालविणाऱ्या हाताची स्थिती काय आहे?

हा प्रश्न समजून घ्यावयाचा तर एक दृश्य डोळ्यांपुढे आणावे लागेल. गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला घिसाड्याचे पाल पडलेले असते. जमिनीत रोवलेली ऐरण, शेजारी भाता, निखाऱ्यांत लाल झालेले लोखंड. कुटुंबप्रमुख सांडशीत ते लोखंड धरून बसलेला असतो आणि त्याच्यासमोर उभी राहून घण मारीत असते त्याची कारभारीण. पदर कमरेला खोचलेला, बाजूला झोळीत मूल. पाच-सहा किलोंचा घण डोक्यावरून येतो आणि नेमक्या जागी पडतो. राजस्थानातील गाडिया लोहारांतही हेच दृश्य दिसते. १५६८ मध्ये चित्तोड पडल्यानंतर आपल्या पूर्वजांनी घरदार सोडण्याची शपथ घेतली, अशी परंपरा ते सांगतात. ज्यांच्या पूर्वजांनी राजांच्या तलवारी घडविल्या, त्यांच्या लेकी-सुना आज विळे, खुरपी आणि कोयते ठोकीत आहेत. त्या भगिनीच्या खांद्यावरचा घण कोण उतरविणार, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्याचे एक उत्तर वाऱ्यापाशी आहे.

भात्यापासून सुरुवात

वारा हा लोहाराचा जुना सोबती. संस्कृतात भात्याला ‘भस्त्रा’ म्हणतात. प्राणायामातील ‘भस्त्रिका’ हे नाव त्यावरूनच आले. शरीरातील अग्नी चेतविण्यासाठी योग्याने लोहाराच्या साळेतील उपमा घ्यावी, यातच त्या काळी या व्यवसायाला किती मान होता हे दिसून येते. चामड्याच्या पिशवीत हवा कोंडावयाची आणि अरुंद नळीतून तिला निखाऱ्यांवर सोडावयाचे, हे तंत्र आपल्याकडे शतकानुशतके होते. म्हणजे हवा कोंडता येते, दाबता येते आणि हव्या त्या ठिकाणी नेता येते, हे लोहाराला ठाऊकच होते. दाबलेली हवा निखारा फुलविते. तशीच ती घणही उचलू शकेल, ही पुढची पायरी मात्र दुसरीकडे चढली गेली. ती कशी चढली, ही हकीकत उद्बोधक आहे. विशेष म्हणजे, ती घडत असताना आपल्या सह्याद्रीत काय चालले होते, तेही पाहण्याजोगे आहे.

एकच काळ, दोन पर्वत

१८५६ मध्ये बोरघाटात लोहमार्गाचे काम सुरू झाले. काळ्याकभिन्न कातळातून पंचवीस बोगदे खोदावयाचे होते आणि सुमारे १८३१ फुटांचा चढ गाठावयाचा होता. एका टप्प्यावर चाळीस हजारांहून अधिक माणसे या घाटात राबत होती. त्यांच्या हाती होती पहार, छिन्नी आणि घण. कातळात हाताने भोके पाडावयाची, त्यांत दारू ठासावयाची, सुरुंग उडवावयाचा, राडारोडा पाट्यांनी वाहावयाचा. पटकीच्या साथींनी आणि अपघातांनी माणसे मरत होती. ज्या १८५७ साली उत्तरेत स्वातंत्र्यसमराचा वणवा पेटला, त्या साली येथे घणाचे ठोके चालूच होते. १८६३ मध्ये घाट पूर्ण झाला. मार्गाचे श्रेय कंपनीच्या अभियंत्यांच्या नावे नोंदले गेले. घण मारणाऱ्यांची नावे कोठेच नाहीत.

त्याच १८५७ साली युरोपात आल्प्सच्या पोटातून बोगदा खोदण्यास प्रारंभ झाला. पिडमाँट-सार्डिनिया हे लहानसे राज्य होते. इटली अद्याप एक झालेली नव्हती. ती एक करण्याचे स्वप्न पाहणारा काउंट काव्हूर हा त्या राज्याचा पंतप्रधान होता. फ्रेजुस पर्वताखालून बारा किलोमीटरहून लांब बोगदा काढून लोहमार्ग न्यावयाचा, असे ठरले. अडचण अशी होती की, माथ्यावर दीड किलोमीटरहून अधिक जाडीचा पर्वत. त्यामुळे वरून विहिरी खणून अधिक तोंडे उघडता येत नव्हती. काम फक्त दोन टोकांनी करणे भाग होते. हाताने खोदले तर पंचवीस-तीस वर्षे लागतील, असा तज्ज्ञांचा हिशेब होता. वाफेचे यंत्र आत नेले तर धुराने माणसे गुदमरतील, ही दुसरी अडचण.

येथे जेर्मां सोमेये हा अभियंता पुढे आला. त्याचा जन्म १८१५ मधला, सॅव्हॉयच्या डोंगराळ भागातला. ग्रांदिस आणि ग्रात्तोनी हे त्याचे दोन सहकारी. जेनोआजवळच्या जोव्ही घाटात आगगाड्या वर चढविण्यासाठी या तिघांनी हवा दाबण्याचे एक यंत्र योजले होते. उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या धक्क्याने हवा दाबणारे हे यंत्र. तिकडे थॉमस बार्टलेट या इंग्रज अभियंत्याने वाफेवर चालणारे, खडकात भोके पाडणारे यंत्र तयार केले होते. बोगद्यासाठी दाबलेली हवा वापरावी, ही कल्पना जिनिव्हाच्या दानिएल कोलादों याने मांडली होती. तीन ठिकाणी विखुरलेले हे विचार सोमेयेने कार्यशाळेत एकत्र जुळविले. जेनोआजवळ प्रयोग झाले, सरकारी समितीने ते पाहिले आणि काम मिळाले.

योजना साधी होती. डोंगरातल्या ओढ्यांचे पाणी बोगद्याबाहेरची यंत्रे चालविणार, ती यंत्रे हवा सहा वातावरणांपर्यंत दाबणार, ती हवा नळांवाटे बोगद्यात कातळाच्या तोंडापर्यंत जाणार आणि तेथे एका सिलिंडरात शिरून पोलादी छिन्नीला मिनिटाला सुमारे दोनशे ठोके मारावयास लावणार. एका गाड्यावर अशी अनेक यंत्रे बसविलेली. काम करून सुटलेली हवा बोगद्यातच मोकळी होई. म्हणजे जी हवा कातळ फोडीत होती, तीच मजुरांना श्वासाला मिळत होती. एका साधनाने दोन कार्ये साधण्याचा याहून सुंदर दाखला क्वचितच सापडेल.

अपयशाचे वर्ष

आज या हकीकतीतील यशच सांगितले जाते. कार्यशाळेत काम करणाऱ्याने मात्र त्यातील अपयशाकडे अधिक लक्ष द्यावे. काम सुरू झाल्यापासून पहिली तीन-साडेतीन वर्षे यंत्र बोगद्यात पोहोचलेच नव्हते. खोदाई हातानेच चालली होती. १८६१ च्या जानेवारीत इटलीच्या बाजूला, बार्दोनेक्या येथे, यंत्रे सुरू झाली आणि पहिल्या वर्षी ती सारखी मोडत राहिली. सील फाटत, छिन्न्या तुटत, नळांच्या जोडांतून हवा गळे. त्याच वर्षी जूनमध्ये पाठीराखा काव्हूर मरण पावला. टीकाकारांना बळ आले. परंतु सोमेयेच्या माणसांनी बोगद्याच्या तोंडाशीच दुरुस्तीची कार्यशाळा उभी केली. मोडलेले यंत्र बाहेर यावे, का मोडले ते पाहावे, तो भाग बदलून ते पुन्हा आत पाठवावे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. हळूहळू हाताच्या कामापेक्षा कितीतरी पटींनी वेग वाढला. १८७० च्या डिसेंबरअखेरीस दोन्ही बाजूंचे खोदकाम पर्वताच्या पोटात एकमेकांना भेटले. पंचवीस वर्षांचा हिशेब चौदा वर्षांत संपला. दरम्यान इटली एक राष्ट्र झाली होती.

बोगद्याचे उद्घाटन झाले तो दिवस होता १७ सप्टेंबर १८७१. हा योगायोगच, पण आजच्या दिवशी त्याची आठवण ठेवावी असा. सोमेये मात्र तो सोहळा पाहू शकला नाही. दोनच महिने आधी, ११ जुलै रोजी त्याचे निधन झाले होते.

बोरघाटातील आपला मजूर आल्प्समधील मजुरापेक्षा कष्टाळूपणात कमी नव्हता. कौशल्यातही नव्हता. वेरूळचे कैलास लेणे एका अखंड कातळातून घडविणाऱ्यांचा तो वारस होता. मग अंतर कोठे पडले? तेथे पर्वत स्वतःचा होता, काम स्वतःचे होते, म्हणून माणसाचे श्रम कसे वाचतील याचा विचार करणारा अभियंता आणि त्याला पाठबळ देणारे शासन तेथे होते. येथे राज्य परक्यांचे, मजूर स्वस्त आणि माणूस मेला तर दुसरा मिळत होता. ज्या समाजात श्रम करणाऱ्याची किंमत नसते, तेथे त्याचे श्रम वाचविणारे यंत्र जन्माला येत नाही. पारतंत्र्याने आपले जे नुकसान केले, त्यात याचीही गणना केली पाहिजे. आणि स्वातंत्र्यानंतरही घण त्याच खांद्यावर राहिला असेल, तर तो दोष आता परक्यांवर ढकलता येणार नाही.

यंत्राची दुसरी बाजू

पुढे ही यंत्रे लहान होत गेली. चार्ल्स ब्रेडी किंग या अमेरिकन अभियंत्याने एका माणसाच्या हातात मावेल असा हवेचा हातोडा तयार केला आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात तो मांडला. त्याच शिकागोत, त्याच प्रदर्शनाला जोडून भरलेल्या सर्वधर्म परिषदेत, त्याच वर्षी ११ सप्टेंबरला स्वामी विवेकानंद बोलावयास उभे राहिले होते. पूर्वेचा संदेश आणि पश्चिमेचे यंत्र एका शहरात एकाच वेळी उपस्थित होते. स्वामीजींना या दोहोंचा मेळ हवा होता. आपल्या तरुणांनी पश्चिमेकडून यंत्रविद्या शिकावी, असा त्यांचा आग्रहच होता.

पण मेळ म्हणजे आंधळे अनुकरण नव्हे. खाणींत हवेची ड्रिल यंत्रे आली तेव्हा कामाचा वेग वाढला आणि त्याबरोबर दगडाची बारीक धूळही वाढली. ती फुप्फुसांत जाऊन तरुण मजूर खोकून खोकून मरू लागले. अमेरिकेतील खाणकामगारांनी त्या यंत्राला ‘विधवा करणारे’ असे नाव ठेवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन जॉर्ज लायनर याने पोकळ छिन्नीतून पाणी सोडून धूळ जागीच बसविण्याची युक्ती काढली, तेव्हा कोठे सुधारणेला वाट मिळाली. घण खांद्यावरून उतरला. पण मृत्यू छातीत शिरला, अशी ही अवस्था होती. म्हणून यंत्राची परीक्षा त्याच्या ठोक्याच्या जोरावर करून चालत नाही. ते चालविणारा माणूस संध्याकाळी घरी कसा परततो, ही खरी परीक्षा.

आपल्या कार्यशाळेत

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. असा हवेचा घण आपल्या गावच्या, आपल्या तंत्रविद्यालयाच्या कार्यशाळेत उभा करता येईल काय? निश्चित येईल. अमेरिकेत १९७३ मध्ये लोहारकाम जिवंत ठेवण्यासाठी कारागिरांची एक संघटना स्थापन झाली. तिच्या प्रयत्नांतून ॲरिझोनातील एका लोहाराने बसविलेल्या साध्या हवाई घणाचे आराखडे सर्वत्र पोहोचले आणि शेकडो मैल दूर असलेल्या लोहारांनी आपापल्या अंगणात तो उभा केला. त्यात लागणारी प्रत्येक वस्तू आपल्याकडे पुणे, कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगर येथील बाजारात मिळते. निम्मी तर भंगारात मिळते.

त्यामागचे गणित शाळेत शिकविले जाते, पण तेथे ते गुणांपुरते राहते. ६३ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर घेतला तर त्याच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो ठेवला तर पिस्टनवर सुमारे १८७ किलोंचा रेटा येतो. या पिस्टनच्या टोकाला पंचवीस किलोंचा पोलादी ठोकळा जोडला, की हवा त्याला वीस सेंटिमीटर खाली फेकते. गळतीत आणि घर्षणात काही शक्ती जाते, हे धरूनही तो ठोका बलदंड पुरुषाच्या घणापेक्षा उणा पडत नाही. शिवाय पुरुष दहा-वीस ठोक्यांत दमतो. हवा दमत नाही.

सिलिंडरला हवा देणारा व्हॉल्व्ह पाच छिद्रांचा असतो. एकातून हवा येते, दोन वाटा सिलिंडरच्या दोन टोकांना जातात आणि उरलेल्या दोनांतून काम झालेली हवा बाहेर पडते. ठोकळा वर पोहोचला की तोच एका लहान कळीला स्पर्श करतो आणि हवेची दिशा बदलते; ठोका पडला की ती पुन्हा बदलते. खाली पायाची पट्टी असते. पाय हलका ठेवला तर ठोका हलका, पाय दाबला तर ठोका जोराचा. त्यामुळे लोहाराचे दोन्ही हात सांडशीसाठी मोकळे राहतात आणि घणाची चाल त्याच्या पायाच्या ताब्यात येते.

नवशिके नेहमी एका ठिकाणी चुकतात. ते सारे लक्ष वरच्या ठोकळ्यावर देतात आणि खालची ऐरण हलकी ठेवतात. ऐरण ठोकळ्याच्या किमान दहापट जड हवी. अन्यथा ठोक्याची शक्ती लोखंडात न मुरता सांगाडा आणि जमीन हादरविण्यात जाते. पंचवीस किलोंच्या ठोकळ्याला अडीचशे किलोंची ऐरण. २५ सेंटिमीटर व्यासाचा आणि ६५ सेंटिमीटर उंचीचा भरीव पोलादी दांडा उभा केला की ती तयार होते. ‘ऐरणीच्या देवा’ला आपल्याकडे मान आहे तो उगाच नाही. जो निश्चल राहून घाव सोसतो, त्याच्याच आधाराने लोखंडाला आकार येतो. दुसरी चूक म्हणजे पिस्टनचा दांडा ठोकळ्याला ताठ वेल्डिंगने जोडणे. तो काही दिवसांत मोडतो. तेथे थोडी लवचीक, हलती जोडणी द्यावी लागते. सोमेयेची यंत्रे पहिल्या वर्षी मोडली, तशी आपलीही मोडतील. वही घेऊन कोणता भाग कधी आणि का मोडला याची नोंद ठेवणारा विद्यार्थीच पुढे अभियंता होतो.

हवा माफ करीत नाही

परंतु सावधगिरीचे चार शब्द येथे न सांगणे हा अपराध ठरेल. दाबलेली हवा ही दाबून धरलेली स्प्रिंग आहे. पाण्याने भरलेली टाकी फुटली तर पाणी सांडते. हवेने भरलेली टाकी फुटली तर तिचे तुकडे तोफगोळ्यासारखे उडतात. म्हणून टाकीची परीक्षा नेहमी पाण्याच्या दाबाने, कामाच्या दाबाहून जास्त दाब देऊन करावी. हवेने कधीही करू नये. जुन्या गॅसच्या सिलिंडरची टाकी करण्याचा मोह टाळावा. घरातल्या नळकामाचा पीव्हीसी पाइप हवेसाठी वापरू नये, कारण तो फुटताना काचेसारखा चिरफळतो. सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मारणारा मिस्त्री कितीही कुशल असला तरी त्याला त्या कार्यशाळेत थारा देऊ नये. टाकीच्या तळाशी साठणारे पाणी रोज काढावे. टाकी आतून गंजते आणि बाहेरून ते दिसत नाही. अंगावरची धूळ हवेच्या नळीने झटकणे, थट्टेने ती एखाद्याच्या अंगावर धरणे, याने माणसे मेलेली आहेत.

आणि एक गोष्ट. कॉम्प्रेसर बंद केला म्हणजे यंत्र शांत झाले असे नव्हे. सिलिंडरात अडकलेली हवा वर थांबलेला ठोकळा केव्हाही खाली आणू शकते. हात आत घालण्यापूर्वी हवा सोडून द्यावी आणि ठोकळ्याखाली लाकडाचा जाड ओंडका अडकवावा. हे दोन मिनिटांचे काम आहे. ते टाळल्याने काय होते हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या हातांकडे पाहावे. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतील अपघातांवर अहवाल काढीत आहे. पॉवर प्रेसखाली बोटे गमावणाऱ्या कामगारांची त्यांतील माहिती वाचून मन सुन्न होते. त्यांतील बहुतेक कामगार तरुण आणि परगावाहून आलेले. एका बोटाबरोबर एका कुटुंबाचे भवितव्य तुटते. ज्या हाताने आज यंत्राला कुंकू लावले, त्याच हाताने यंत्राला जाळी, आडोसा आणि दोन हातांनी दाबावयाची कळ बसविली नाही, तर ती पूजा अपुरी राहिली असे समजावे.

यंत्र एकाचे की समाजाचे?

हवेचा घण स्वस्तात उभा राहतो, हे खरे. पण हवा स्वस्त नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हवा दाबताना विजेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. वर सांगितलेल्या सिलिंडराच्या एका वर-खाली फेऱ्याला कागदी हिशेबाने आठ-साडेआठ लिटर मोकळी हवा लागते. मिनिटाला शंभर ठोके धरले तर आठशे लिटर. पंक्चरवाल्याकडचा दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर याला पुरत नाही. त्याहून बराच मोठा लागतो. एकट्या लोहाराला तो परवडणार नाही आणि पालात राहणाऱ्या घिसाड्याला तर विजेची जोडणीही नसते.

मग मार्ग कोणता? पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ च्या एप्रिलमध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर जी व्याख्याने दिली, त्यांत यंत्राचा विचारही आहे. मनुष्यबळ, कच्चा माल, भांडवल, शक्ती, बाजारपेठ, व्यवस्थापन या इतर घटकांशी मेळ पाहून यंत्र निवडावे. यंत्र ठरवून त्याच्यासाठी माणूस वाकवू नये, असा त्यांचा आशय होता. दत्तोपंत ठेंगडी यांनी उद्योगांच्या श्रमिकीकरणाची, म्हणजे राबणाराच मालक होण्याची जी कल्पना मांडली, तीही येथे उपयोगी पडते. दहा कारागिरांनी मिळून एक शेड, एक कॉम्प्रेसर, दोन-तीन घण उभे करावेत. पाळ्या लावाव्यात, विजेचे बिल वाटून घ्यावे, दुरुस्ती आळीपाळीने करावी. जेथे हवा परवडत नाही, तेथे ट्रकच्या जुन्या पाट्यांची स्प्रिंग आणि साधी मोटर लावून ठोका मारणारे यंत्र करावे. हवेचा हट्ट नको. खांद्यावरचा घण उतरावा, हा हट्ट हवा.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. त्यांत लोहार तर आहेच. पण हातोडी आणि अवजारे बनविणाऱ्यालाही स्वतंत्र स्थान दिले आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीचे कर्ज अशी तिची रचना आहे. मात्र योजना पालापर्यंत आपल्या पायांनी चालत जात नाही. ज्याचा पत्ताच कायम नाही, त्याची कागदपत्रे कोण जमविणार? हे काम कार्यकर्त्याचे आहे. आपल्या तालुक्यात किती घिसाडी कुटुंबे येतात, कोणत्या महिन्यांत येतात आणि त्यांच्यातील किती जणांचे अर्ज भरले गेले, याची यादी प्रत्येक शाखेपाशी असावयास हवी.

आपल्याकडे या कामाची परंपरा नाही, असे कोणी समजू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत चित्रकला शिकावयास गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती वाट बंद झाली. बेळगावला सायकलींचे दुकान काढलेल्या या माणसाने आधी कडबा कापण्याचे यंत्र केले, मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीपायी तो नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच घराण्याने १९५८ मध्ये पुण्यात हवा दाबणारी यंत्रे बनविण्याचा स्वतंत्र कारखाना काढला. सायकलच्या दुकानापासून कॉम्प्रेसरपर्यंतचा हा प्रवास आहे.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधकाचे स्थान सोडून १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या ग्रामीण मुलांच्या हातात त्यांनी वेल्डिंगची काडी आणि मोजपट्टी दिली. करता करता शिकणे हे त्यांचे सूत्र. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पहिल्या काही ‘फॅब लॅब’पैकी एक याच पाबळला आली. २००३ मध्ये कलबाग गेले. आश्रमाचे काम चालू आहे. ज्या मुलांना शाळेने नापास ठरविले, ती गावाच्या गरजेची यंत्रे बनवू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

मध्यमवर्गीय घरांना येथे एक विनंती करणे आवश्यक आहे. आपल्या मुलाने संगणकाच्या पडद्यावर यंत्राचे चित्र काढावे, याचे आपल्याला कौतुक असते. पण त्याने हात काळे करून घरी यावे, हे खपत नाही. सुट्टीत महिनाभर त्याला एखाद्या कार्यशाळेत पाठवावे. भंगारातून चॅनेल निवडून आणणे, ते कापणे, चुकणे, पुन्हा कापणे, मिस्त्रीकाकांची बोलणी खाणे, या शिक्षणाला पर्याय नाही. जो मुलगा एकदा स्वतः घण मारून पाहील, त्याला घण मारणाऱ्या भगिनीकडे पाहून पुढे निघून जाता येणार नाही. समरसता भाषणांतून जितकी येते, त्याहून अधिक ऐरणीच्या दोन बाजूंना उभे राहून येते.

बंधू-भगिनींनो, बोरघाटातील बोगद्यांतून आजही गाड्या धावतात. पुण्याहून मुंबईला जाताना अंधार होतो, कानांत दडे बसतात आणि क्षणात पुन्हा उजेड येतो. पुढच्या वेळी त्या अंधारात घणांचे ते ठोके आठवावेत. ते मारणाऱ्यांसाठी त्या काळी कोणी यंत्र केले नाही. आज यंत्र करणारे हात आपल्याकडे आहेत, लोखंड आहे, विद्या आहे, राज्यही आपले आहे. पुढच्या विश्वकर्मा जयंतीपर्यंत प्रत्येक तालुक्यात निदान एका कार्यशाळेत असा एक घण उभा राहावा; आणि त्याच्या पहिल्या पूजेचा मान आजवर हाताने घण मारीत आलेल्या एखाद्या घिसाडी भगिनीला मिळावा. तिने पायाखालची पट्टी हलकेच दाबावी आणि वाऱ्याने घण उचलावा. ती पूजा भगवान विश्वकर्म्याला अधिक आवडेल.

भारत माता की जय!